नांगराखालची माती : शेती आणि जमिनीची झीज

आषाढातील पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की देशातील बहुतेक ओढ्यानाल्यांचे पाणी गढूळ होते. काळ्या जमिनीच्या मुलखात ते काळपट दिसते, तांबड्या मातीच्या प्रदेशात लालसर आणि गंगेच्या खोऱ्यात राखी-पिवळे. हा रंग पाण्याचा नव्हे. शेतांवरून, माळांवरून आणि डोंगरउतारांवरून खरवडून आणलेल्या मातीचा तो रंग आहे. ओढ्याच्या काठी उभा राहून पूर पाहणाऱ्या मनुष्याला आपल्या डोळ्यांसमोरून आपलेच शेत वाहून जात आहे, याची क्वचितच जाणीव होते. कारण शेत दुसऱ्या दिवशी जागच्या जागी असते. त्याचे चार बांध असतात, सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचे क्षेत्रही तेवढेच असते. कमी झालेली असते ती त्याची खोली.

मातीचे असे वाहून जाणे ही मुळात सृष्टीतील नित्याची घटना आहे. हिमालयाची माती लक्षावधी वर्षे खाली वाहत आली, म्हणूनच सिंधू-गंगेचे विस्तीर्ण मैदान निर्माण झाले. परंतु निसर्गक्रमाने होणारी ही धूप इतकी संथ असते, की जेवढी माती जाते जवळजवळ तेवढी खालच्या खडकातून नव्याने तयार होते. मनुष्याने जमिनीवरील झाडझाडोरा काढला, ती नांगरली आणि तिच्यावर जनावरे चारली, म्हणजे हा तोल बिघडतो. जाण्याचा वेग वाढतो. येण्याचा वेग मात्र वाढविता येत नाही. या वाढलेल्या धुपेचे आणि तिच्याबरोबर होणाऱ्या इतर हानीचे शेतीशी काय नाते आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मातीचा थर कसा बनतो

माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हे. ऊन, पाऊस आणि थंडी यांच्या योगाने खडक फुटतो, त्याचा मुरूम होतो व मुरमाची बारीक माती होते, हे खरे. पण एवढ्याने तिच्यात पीक उगवत नाही. गवताची मुळे, गळून पडलेली पाने, गांडुळे, वाळवी, बुरशी आणि असंख्य सूक्ष्मजंतू यांची वस्ती तीत व्हावी लागते. एका ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्मजंतू असतात. ते पालापाचोळा कुजवितात आणि त्यातून ह्यूमस नावाचे काळसर सेंद्रिय द्रव्य तयार होते. हे द्रव्य मातीच्या कणांना एकत्र बांधून त्यांची रवाळ ढेकळे बनविते. अशा रवाळ मातीत पाणी मुरते, हवा खेळते आणि मुळांना वाट मिळते.

ही सर्व घडामोड मुख्यत्वेकरून वरच्या वीतभर थरातच होते. त्याखाली घट्ट थर, मग मुरूम आणि शेवटी कातळ असतो. असा एक सेंटीमीटर थर सिद्ध होण्यास शेकडो वर्षे लागतात. देशाचे सगळे अन्न या वीतभर थरावर अवलंबून आहे, आणि धूप होते ती नेमकी त्याचीच. कारण तो वर असतो.

पावसाचा थेंब आणि उघडी जमीन

धुपेचे काम वाहत्या पाण्याने सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा आरंभ पावसाच्या थेंबापासून होतो. मोठा थेंब जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरांहून अधिक असतो. जमिनीवर गवत किंवा पालापाचोळा असेल, तर हा आघात त्यावर होतो आणि पाणी हळूच खाली झिरपते. जमीन उघडी असेल, तर थेंब मातीच्या रवाळ ढेकळांवर आदळून ती फोडतो. सुटे झालेले कण उडतात आणि पडतात; त्यांतील बारीक कण मातीची छिद्रे बुजवून टाकतात. पृष्ठभागावर एक पातळसा लेप बसतो. उन्हाने तो वाळला, म्हणजे शेतकरी त्याला जमीन चोपली किंवा खपली धरली असे म्हणतो. त्यानंतर पडणारे पाणी मुरत नाही. ते वाहू लागते.

वाहणारे पाणी प्रथम साऱ्या शेतावरून पातळ चादरीसारखे जाते आणि सगळीकडून सारखाच बारीक थर उचलून नेते. हिला चादर-धूप म्हणतात. डोळ्यांना न दिसणारी म्हणून हीच सर्वांत घातक होय. पुढे पाणी सखल रेषांतून एकवटते आणि बोटाएवढ्या ओघळी पाडते. ओघळी नांगराने बुजविता येतात. पण त्या तशाच राहिल्या तर त्यांच्या घळी होतात, आणि घळीत नांगर उतरू शकत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ओढून नेता येणाऱ्या कणाचे वजन सुमारे ६४ पटींनी वाढते, असा जलशास्त्रातील जुना नियम आहे. उतार थोडा वाढला वा लांबला, की धूप एकाएकी फार वाढलेली का दिसते, याचे उत्तर या नियमात आहे.

चंबळ, यमुना, मही आणि साबरमती या नद्यांच्या काठचे बीहड हे घळींच्या धुपेचे अखेरचे रूप आहे. देशात असे प्रदेश सुमारे ४० लाख हेक्टरांवर पसरले आहेत. त्यांच्या उत्पत्तीत भूगर्भातील हालचालींचाही वाटा आहे. परंतु काठावरील झाडी तुटणे, बेसुमार चराई आणि शेतातील पाणी वाटेल तसे नदीकडे सोडणे यांनी ते वाढत गेले. चांगल्या शेताच्या कडेला लागलेली घळ दर पावसाळ्यात थोडी थोडी मागे सरकते आणि शेताला खात जाते.

उतारावरील नांगरट

या क्रमात शेतीचा हात नेमका कोठे लागतो? पहिली गोष्ट म्हणजे नांगरट. पेरणीसाठी जमीन भुसभुशीत करावी लागते, तण काढावे लागते. मात्र ही मशागत उताराच्या दिशेने, वरून खाली केली, तर नांगराचा प्रत्येक तास पाण्यासाठी आयता पाट होतो. तीच नांगरट उताराला आडवी, समपातळीतून केली, तर प्रत्येक तास हा एक लहानसा बांध ठरून पाणी अडवितो. बैल तेच, नांगर तोच आणि श्रमही जवळजवळ तेवढेच. बदलते ती केवळ दिशा. असे असूनही देशाच्या अनेक भागांत नांगरट उताराच्या दिशेने होते, आणि याचे कारण केवळ अज्ञान नाही. वाटण्या होत होत शेते अरुंद पट्ट्यांत विभागली गेली आहेत. हे पट्टे पुष्कळदा वरून खाली काढलेले असतात, कारण प्रत्येक भावाला वरची हलकी आणि खालची भारी अशी दोन्ही प्रकारची जमीन मिळावी लागते. अशा पट्ट्यात आडवे औत फिरवावयाचे म्हटले, तर ते दर दहा पावलांवर वळवावे लागते. वाटणी भावाभावांत न्यायाची झाली. जमिनीवर मात्र तिने अन्याय केला.

दुसरी गोष्ट म्हणजे पिकाची निवड. दाट वाढणारी, जमिनीवर पसरणारी पिके पावसाचा मारा झेलतात. विरळ आणि उशिरा वाढणारी पिके जमीन उघडी टाकतात. निलगिरीच्या उतारांवरील बटाटा आणि केरळच्या टेकड्यांवरील टॅपिओका ही याची ठळक उदाहरणे आहेत. दोन्ही पिके जमिनीखाली पोसतात आणि ती काढण्यासाठी सारी जमीन खणावी लागते. उतारावर हे खणणे म्हणजे मातीला वाहून जाण्याचे निमंत्रणच होय. त्याच निलगिरीत पायऱ्यापायऱ्यांची ताली घालून केलेल्या शेतात मातीची हानी कितीतरी पटींनी कमी होते, असे उटकमंड येथील प्रयोगांत दिसून आले आहे.

काळी जमीन आणि पावसाळी पडीत

दख्खनच्या खोल काळ्या जमिनीची कथा वेगळी आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यात औत चालत नाही, तण आवरत नाही आणि पाण्याचा निचरा होत नाही. म्हणून सोलापूर, विजापूर, मराठवाडा आणि तेलंगण या भागांतील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या एक व्यवस्था बसविली. पावसाळ्यात जमीन पडीत ठेवावयाची, उघडीप मिळेल तेव्हा कुळवाच्या पाळ्या घालून तण मारावयाचे आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी अथवा हरभरा घ्यावयाचा. ओल साठविण्याची ही युक्ती शहाणपणाची होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला, की ज्या तीन-चार महिन्यांत पाऊस पडतो, नेमक्या त्याच महिन्यांत जमीन सर्वस्वी उघडी राहिली.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रातच प्रथम हाती घेण्यात आला. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूर येथे स्वतंत्र केंद्र निघाले. या कार्यात ना. वि. कानिटकर यांचा वाटा मोठा होता. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, वरचेवर कुळवणी आणि विरळ पेरा यांवर आधारलेली पद्धत या प्रयोगांतून सिद्ध झाली. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना अधिनियमानंतर तेव्हाच्या मुंबई प्रांतात बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. हलक्या आणि मध्यम जमिनीत समपातळीवरील बांध उपयुक्त ठरले. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी साचून राही, पीक पिवळे पडे आणि पुष्कळ बांध फुटत. अशा जमिनीत किंचित ढाळ दिलेले बांध घालून जादा पाण्याला सुरक्षित वाट करून द्यावी लागते, हा धडा त्यातून मिळाला. एका जमिनीचे औषध दुसऱ्या जमिनीला जसेच्या तसे चालत नाही.

पुढे हैदराबादजवळील पाटणचेरू येथे, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, १९७६ पासून काळ्या जमिनीवर एक दीर्घकालीन प्रयोग चालविण्यात आला. एका भागात जुनी पद्धत, म्हणजे पावसाळी पडीत आणि रब्बीचे पीक. दुसऱ्या भागात रुंद वरंबे व सऱ्या, पावसापूर्वीची कोरडी पेरणी आणि ज्वारी-तूर यांसारखी मिसळपिके. अनेक वर्षांच्या सरासरीने जुन्या पद्धतीत हेक्टरी सुमारे १.१ टन धान्य मिळाले. सुधारित पद्धतीत सुमारे ५ टन. जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी सहा-साडेसहा टन माती गेली. सुधारित पद्धतीत दीड टनाच्या आसपास. माती राखावयाची म्हणजे उत्पन्न सोडावयाचे, हा समज या आकड्यांनी खोटा ठरविला आहे.

डोंगरावरील फिरती शेती

आसाम आणि ईशान्येकडील इतर राज्यांत झूम, ओडिशा व आंध्रात पोडू, मध्य प्रदेशात बेवर आणि सह्याद्रीत कुमरी अशा नावांनी ओळखली जाणारी फिरती शेती ही एकेकाळी धुपेचे मुख्य कारण मानली जात असे. जंगलाचा एक तुकडा तोडावयाचा, जाळावयाचा, राखेत दोन-तीन वर्षे पिके घ्यावयाची आणि मग तो सोडून पुढे जावयाचे, अशी ही रीत. सोडलेल्या जागेवर वीस-तीस वर्षांत पुन्हा दाट रान वाढे आणि जमीन पूर्ववत होई. दोष या रीतीत तितकासा नव्हता. लोकसंख्या वाढली, वनांवर निर्बंध आले आणि विश्रांतीचा काळ अनेक ठिकाणी तीन ते पाच वर्षांवर आला. तेव्हा तिचा पाया ढासळला. रान वाढण्यापूर्वीच पुन्हा कुऱ्हाड पडू लागली आणि डोंगर बोडके झाले.

नागालँडमधील खोनोमा येथील शेतकऱ्यांनी यावर स्वतःच्या परंपरेतून उत्तर काढले आहे. ते आपल्या शेतात भूर्जवर्गातील अल्डर नावाचे झाड राखतात. या झाडाच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नत्र जमिनीत बांधतात. शेतकरी झाड मुळापासून न तोडता त्याचा शेंडा छाटतात. खोड व मुळे माती धरून राहतात, पाने खत होतात आणि फांद्या जळणाला मिळतात. त्यामुळे विश्रांतीचा काळ कमी असूनही जमीन टिकून राहते.

वारा आणि मरुभूमी

पश्चिम राजस्थानात मातीचा वाहक पाणी नसून वारा आहे. मे-जून महिन्यांत तेथे धुळीची वादळे उठतात. बारीक वाळूचे कण जमिनीवर उड्या मारत पुढे जातात, आदळताना आणखी कण उडवितात, आणि सर्वांत बारीक, सर्वांत कसदार धूळ दूरवर निघून जाते. या प्रदेशातील जुन्या शेतीत एक संयम होता. शेतकरी खेजडीची झाडे राखी, बोरडीची झुडपे मुळांसकट उपटत नसे, आणि सेवण गवताची कुरणे मोडत नसे. ट्रॅक्टर आल्यानंतर तवांच्या नांगराने मोठमोठी क्षेत्रे अल्पावधीत उलथणे शक्य झाले. झुडपे मुळांसकट निघाली, कुरणांवर बाजरी आली आणि वाऱ्याला अडविणारे काही उरले नाही. जोधपूर येथे १९५२ मध्ये वनीकरणाचे केंद्र म्हणून आरंभ झालेली आणि १९५९ मध्ये केंद्रीय संस्थेचे रूप मिळालेली शुष्क प्रदेश संशोधन संस्था वाळूच्या टेकड्या गवत व झुडपांनी बांधून ठेवणे आणि वाऱ्याच्या आड झाडांच्या रांगा उभारणे, अशा उपायांवर काम करीत आली आहे.

पाण्याने नासणारी जमीन

पाण्याच्या अभावाने शेती जाते हे सर्वांस ठाऊक आहे. पाण्याच्या अतिरेकानेही ती जाते, हे कालव्यांनी शिकविले. कोणत्याही नदीच्या वा विहिरीच्या पाण्यात थोडेफार क्षार असतातच. पाण्यात लिटरला केवळ अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरले आणि वर्षभरात पिकाला एक मीटर खोलीचे पाणी दिले, तर एका हेक्टरावर पाच टन क्षार येऊन पडतात. पीक पाणी घेते आणि क्षार मागे ठेवते. निचरा चांगला असेल, तर ते पावसाबरोबर खाली निघून जातात. निचरा नसेल, तर पाझरामुळे भूजल वर चढते. ते जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर आले, की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हाने वाफ होऊन उडते आणि पृष्ठभागावर पांढरा थर सोडते. उत्तरेत यास रेह आणि अशा जमिनीस ऊसर म्हणतात. मराठीत ती खारवट किंवा क्षारपड. सोडियम फार वाढला, की मातीचे कण विलग होऊन ती घट्ट चोपण बनते आणि तीत पाणीही शिरत नाही.

हा अनुभव नवा नाही. यमुनेच्या पश्चिम कालव्याखालील जमिनींत रेह वाढल्याचे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते. पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. पुढे सांगली-कोल्हापूर भागात उसाच्या मळ्यांना बारमाही पाणी मिळू लागल्यावर कृष्णाकाठच्या उत्कृष्ट काळ्या जमिनींचेही असेच झाले. भारतात आज सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारग्रस्त आहे. तिच्यात समुद्रकाठच्या आणि निसर्गतःच खारट अशा जमिनीही येतात. हे नुकसान भरून काढता येते, हीही तितकीच महत्त्वाची गोष्ट होय. कर्नाल येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेने जिप्समचा वापर, निचरा आणि प्रथम भाताचे पीक अशी पद्धत बसविली. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात सुमारे २० लाख हेक्टर ऊसर जमीन तिच्या योगाने पुन्हा पिकाखाली आली आहे.

जागच्या जागी होणारी झीज

माती वाहून न जाताही तिचा कस जाऊ शकतो. प्रत्येक पीक जमिनीतून अन्नद्रव्ये उचलते. शेणखत, पालापाचोळा आणि कडधान्यांचा बेवड यांनी पूर्वी त्यांची काही अंशी भरपाई होत असे. शेण जळणाकडे गेले आणि कडधान्यांची जागा वर्षानुवर्षे त्याच त्या दोन पिकांनी घेतली, म्हणजे सेंद्रिय द्रव्य घटत जाते. रासायनिक खत नत्र देते, पण ह्यूमस देत नाही. आणि एकच अन्नद्रव्य भरपूर घातले, तर दुसऱ्याची उणीव उघडी पडते. पंतनगर येथे १९६६ मध्ये भातावरील खैरा नावाचा रोग हा जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, असे वाय. एल. नेने यांनी दाखवून दिले. रोगजंतूचा शोध घेता घेता जमिनीची भूक सापडली.

पंजाब-हरियाणातील पेंढा जाळण्याची रीतही याच सदरात मोडते. एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक असते. पेटविल्यावर त्यातील कर्ब आणि नत्र यांचा बहुतेक भाग धुरात जातो. शेतकऱ्यासमोर अडचण खरीच आहे. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत त्याला दोन-तीन आठवडेच मिळतात. म्हणून पेंढा न जाळता त्यातूनच गहू पेरणारी यंत्रे आणि नांगरटीविना पेरणी यांचा प्रसार हाच या अडचणीवरील खरा उपाय आहे.

देशाचा हिशेब

१९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी भारतातील धुपेचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते. हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी अधिक. तीतील सुमारे २९ टक्के कायमची समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत गाळ होऊन बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते. हेक्टरी १६ टन म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीचा थर होय. एका वर्षात तो कोणाच्याही लक्षात येणार नाही. परंतु त्याच गतीने पंधरा सेंटीमीटरांचा, म्हणजे नांगराखालचा सगळा थर सव्वाशे वर्षांत संपतो. चार-पाच पिढ्यांचा हा काळ. मातीच्या दृष्टीने तो क्षणमात्र आहे.

जलाशयांची हानी लवकर दिसून येते. मांजरा नदीवर १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या निजामसागराची निम्म्याहून अधिक क्षमता गाळाने व्यापल्याचे १९७० नंतरच्या दशकातील मोजणीत आढळले. वरच्या शेतातून गेलेली माती खालच्या शेताचे पाणी हिरावून घेते, ती अशी.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ साली देशातील सुमारे ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण क्षेत्राच्या २९.७७ टक्के जमीन कोणत्या ना कोणत्या रीतीने अवनत झालेली होती. कृषी संशोधन परिषदेच्या २०१० च्या गणनेत हे क्षेत्र सुमारे १२ कोटी हेक्टर धरले आहे. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडे बदलतात. या साऱ्याचा दोष शेतीकडे जातो असेही नाही. वनतोड, खाणी आणि रस्ते यांचाही त्यात भाग आहे. तथापि देशाची सर्वांत अधिक जमीन शेतीखाली असल्यामुळे रोग वाढविण्याची आणि बरा करण्याचीही सर्वांत मोठी शक्ती शेतीकडेच आहे.

सुखोमाजरी

चंदीगड शहराजवळ १९५८ मध्ये सुखना नावाचे सरोवर बांधण्यात आले. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या गाळाने ते झपाट्याने भरू लागले. शिवालिकाच्या पायथ्याशी अशा रेताड प्रवाहांना चो म्हणतात. त्यांच्या उपद्रवामुळे पंजाबात १९०० सालीच एक स्वतंत्र कायदा करावा लागला होता. सरोवरातील गाळ कोठून येतो, याचा शोध घेतला असता त्याचा मोठा भाग सुखोमाजरी या लहानशा गावाभोवतालच्या उघड्या टेकड्यांवरून येत असल्याचे आढळले. गावकरी गरीब होते. शेती पावसाच्या भरवशावर होती. पोटासाठी ते टेकड्यांवर शेळ्या चारीत. तेथे बांध घातले आणि झाडे लावली, तरी चराईपुढे ती टिकत ना.

मृदसंधारण संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्र यांच्या ध्यानात आले, की टेकडीवरून शेळ्या खाली आणावयाच्या असतील, तर प्रथम खाली काही पिकले पाहिजे. १९७६ मध्ये गावाजवळ मातीचा एक लहान बंधारा बांधण्यात आला आणि त्याचे पाणी शेतांना मिळू लागले. पुढे ठरले असे, की पाण्यावर गावातील प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क राहील. ज्याला जमीन नाही, त्याचाही. पाण्याच्या बदल्यात टेकडीवरील चराई गावाने आपण होऊन बंद करावयाची. कुंपण घातले नाही, पहारेकरी नेमला नाही. काही वर्षांत टेकडीवर भाबर गवत आणि झाडे वाढली, शेळ्यांऐवजी दावणीला म्हशी आल्या, आणि सरोवराकडे जाणारा गाळ पुष्कळ कमी झाला. पुढील काळात तेथील व्यवस्थेतही शैथिल्य आल्यावाचून राहिले नाही. परंतु मूळचा धडा त्यामुळे रद्द होत नाही. ज्याला आजच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याने शंभर वर्षांनंतरच्या मातीची काळजी वाहावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मातीचे रक्षण करावयाचे तर ते त्याच्या लाभाचे झाले पाहिजे, आणि तो लाभ वाटून घेतला गेला पाहिजे.

उपसंहार

उपाय अनेक आहेत, आणि त्यांतील बहुतेक साधे आहेत. नांगरट आडवी करावी. पावसाळ्यात जमीन उघडी ठेवू नये. बांधावर वाळ्याचे गवत लावावे. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी ते शेताच्या सीमेवर परंपरेने राखले आहे. काडीकचरा जाळू नये, कडधान्यांचा बेवड सोडू नये, पाणी मोजून द्यावे आणि निचऱ्याचे चर बुजू देऊ नयेत. माती तपासून खत घालावे; यासाठी २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका देण्यात येत आहेत. २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर अवनत जमीन सुधारण्याचा संकल्प भारताने २०१९ मध्ये नवी दिल्ली येथील जागतिक परिषदेच्या वेळी जाहीर केला आहे.

मात्र पाणी शेताची हद्द जाणत नाही. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला आणि खालच्याने घातला नाही, किंवा याच्या उलट झाले, तर दोघांचेही श्रम वाया जातात. म्हणून संपूर्ण पाणलोट हाच कामाचा घटक मानला पाहिजे, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सर्वांनी एकत्र येऊनच हे काम केले पाहिजे. बियाणे नवे आणता येते, खत विकत मिळते, पाणीही दुरून वळविता येते. समुद्रात गेलेली माती परत आणण्याची युक्ती कोणत्याही शास्त्राला साधलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात ओढा किती गढूळ वाहील, हे त्याआधीच्या उन्हाळ्यात शेतावर आणि टेकडीवर काय केले गेले, यावरून ठरणार आहे.